'कान तयार झालं': इचलकरंजीतल्या एका माग कामगाराचं प्रकरण

तक्रार मामींची होती. मामा नुसते सोबत आले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून, आपल्याला इथं कशाला आणलंय अशा चेहऱ्यानं बसलेले. साल २०१८, एप्रिल महिना. मामांचं वय ५२. इचलकरंजीत साध्या यंत्रमागावर २९ वर्षं काम. ओळख पटू नये म्हणून नाव, गल्ली, कारखाना यातलं काहीच इथं देत नाही. दोघांची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

मी श्रवणतज्ज्ञ आहे. पेशंट काय सांगतो याच्याइतकंच घरचं माणूस काय सांगतं हे माझ्या कामात महत्त्वाचं असतं. मामी म्हणाल्या, "भाजीवाला तीस म्हणतोय, ह्यांनी वीस हातावर ठेवायचं, वर भांडायचं. हाक मारली की वळत्यात, पर काय म्हटलं ते कळत न्हाई. मोठ्यानं बोललं तर म्हणत्यात, वरडतीस कशाला."

हे बोलणं मी तसंच्या तसं केसपेपरवर उतरवून घेतलं. तपासणीच्या आधीच निदानाचा निम्मा भाग त्यात आला होता. हाक ऐकू येते, म्हणजे जाड, खालच्या पट्टीतले आवाज शाबूत आहेत. शब्द कळत नाही, म्हणजे वरच्या पट्टीतली व्यंजनं गळताहेत. आणि आवाज वाढवला की तो एकदम सहन होत नाही, म्हणजे बिघाड कानाच्या पडद्यात किंवा हाडांत नसून आत, कर्णावर्तात (आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत) असण्याची शक्यता मोठी.

मामांचं म्हणणं वेगळं होतं. "मला ऐकाय येतंय की. ही त्वांडातल्या त्वांडात बोलती." मागांच्या आवाजाचा त्रास होतो का, असं विचारल्यावर ते पहिल्यांदाच हसले. "त्याची सवय झालीया. पयल्या म्हयन्यात कानात वाजायचं, डोकं धरायचं. मग कान तयार झालं."

कान तयार झालं. मागावरच्या कितीतरी माणसांकडून मी हे ऐकलं आहे, आणि ते अभिमानानं सांगितलं जातं. नवा पोरगा आवाजाला कंटाळून पळतो, जुना टिकतो. या सगळ्या प्रकरणात मला या एका वाक्यानं सर्वांत जास्त अस्वस्थ केलं, कारण कान तयार होत नसतो. त्या पहिल्या महिन्यांत नेमकं काय झालं असेल ते पुढे सांगते.

तपासणी

आधी बाकीच्या शक्यता बाजूला काढल्या. मधुमेह नाही. क्षयाची इंजेक्शनं कधी घेतलेली नाहीत (त्यातल्या काही औषधांनी कान जातो, म्हणून हे विचारावंच लागतं). कान फुटण्याचा, वाहण्याचा इतिहास नाही. घरात लहान वयात बहिरं झालेलं कोणी नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पडदे पाहिले, दोन्ही स्वच्छ. पडद्याच्या हालचालीची चाचणीही व्यवस्थित आली.

पहिला श्रवणआलेख, म्हणजे कुठल्या पट्टीतला (हर्ट्झ) आवाज किती मोठा (डेसिबल) केल्यावर ऐकू येतो याचा कागद, मी त्याच संध्याकाळी काढला. आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. ती माझी घाई होती. मामा दिवसपाळी संपवून थेट आले होते, आणि गोंगाटातून आलेल्या कानाची खरी पातळी त्या दिवशी मिळत नाही. चूक लक्षात आल्यावर त्यांना सलग दोन दिवस सुट्टी घेऊन पुन्हा यायला सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, कारण मजुरी पिकावर (पीक म्हणजे कापडातला एकेक आडवा धागा), मीटरवर. दोन दिवस घरी म्हणजे दोन दिवसांचे पैसे गेले. मामींनी ते मनावर घेतलं, म्हणून ते आले.

दोन्ही आलेख शेजारी ठेवल्यावर माझी घाई एका अर्थी कामाला आली. उजव्या कानाला ४,००० हर्ट्झचा आवाज पहिल्या दिवशी ८० डेसिबलला ऐकू आला होता, विश्रांतीनंतर ७० ला. हा दहाचा फरक म्हणजे दमलेला कान. तो दोन दिवसांत परत आला. उरलेले ७० परत येणारे नव्हते.

विश्रांतीनंतरचा उजव्या कानाचा आलेख असा: ५०० हर्ट्झला २० डेसिबल, १,००० ला २५, २,००० ला ४५, ३,००० ला ६०, ४,००० ला ७०, ६,००० ला ६५ आणि ८,००० ला पुन्हा ५०. डावा कान साधारण तसाच, किंचित जास्त खराब. हाडावाटे ऐकवलेला आवाजही तितकाच कमी ऐकू येत होता, म्हणजे वाट मोकळी आहे, दोष आतच आहे. कागदावर ही रेघ डावीकडून सपाट येते, मध्येच विहिरीसारखी खोल उतरते आणि शेवटी थोडी वर चढते. वयानं येणारा बहिरेपणा सहसा असा वर चढत नाही, तो घसरतच जातो. दोन्ही कानांत सारखी, ४,००० च्या आसपास खोल गेलेली आणि ८,००० ला सावरलेली विहीर, सोबत २९ वर्षांचा गोंगाट. निदानाबद्दल शंका उरली नाही.

मग शब्द ऐकवले. साध्या, आरामाच्या आवाजात पंचवीस मराठी शब्द. 'तीस'चं 'वीस' झालं, 'काठी'चं 'पाठी', 'साखर'चं नुसतं 'आखर'. स्वर सगळे बरोबर, कारण ते खालच्या पट्टीत असतात आणि तिथं मामांचा कान जवळजवळ चांगला आहे. मराठीत शब्दाला ओळख देतात ती स, श, त, थ, क, ख अशी व्यंजनं. त्यांची कुजबुजती ताकद २,००० हर्ट्झच्या वर असते, 'स'ची तर त्याहूनही बरीच वर. भाजीवाल्याशी भांडण का झालं, हे मामांना तेव्हा कळलं. कानावरचे हेडफोन काढून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे ही त्वांडातल्या त्वांडात बोलत न्हवती तर."

आत काय झालं

कर्णावर्त म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी, आत द्रव भरलेला. उलगडली तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरते. तिच्यात एका पट्टीवर केसपेशींच्या रांगा असतात: आतली एक रांग, सुमारे साडेतीन हजार पेशींची, आणि बाहेरच्या तीन रांगा मिळून सुमारे बारा हजार. आतल्या पेशी मेंदूला खबर देतात. बाहेरच्या पेशी स्वतः आखडतात, लांबतात आणि बारीक आवाजाला वाढवून आतल्यांपर्यंत पोचवतात. एका कानाची सारी पुंजी एवढीच. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत.

पेशीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुपका असतो. आवाजाची लाट आली की तो वाकतो, पेशीची दारं उघडतात, विद्युतभारित कण आत येतात. मोठ्या आवाजात तो तासन्‌तास, न थांबता वाकत राहतो. केसांना एकमेकांशी बांधणारे नाजूक धागे तुटतात, केस लुळे पडतात. हा झाला मोडतोडीचा भाग. दुसरा भाग दमणुकीचा. पेशी सतत कामाला जुंपलेली राहते, तिच्यात जाळून टाकणारी ऑक्सिजनची संयुगं साचतात, आणि ती तिला आतून मारतात. ही मारामारी गोंगाट थांबल्यावरही काही दिवस चालू राहते. सर्वांत आधी जातात त्या बाहेरच्या रांगांतल्या पेशी. त्या गेल्या की बारीक आवाज वाढवणारं कोणी उरत नाही, पण मोठा आवाज मात्र पूर्वीसारखाच मोठा लागतो. ऐकू न येणं आणि असह्य होणं यातलं अंतर आक्रसतं. मामींच्या "वरडतीस कशाला"चं कारण हे.

मग ४,००० हर्ट्झलाच विहीर का? बाह्य कानाची नळी ही एका टोकाला बंद असलेली पोकळी. बासरीसारखी तिची स्वतःची पट्टी असते, सुमारे ३,००० हर्ट्झची, आणि त्या पट्टीतले आवाज पडद्यापर्यंत पोचताना वाढतात. शिवाय कर्णावर्तात नुकसान हे मारा करणाऱ्या पट्टीच्या साधारण अर्धा सप्तक वर होतं. माग कुठल्याही पट्टीत खडखडो, पहिला बळी तिथंच जातो. आणि ४,००० हर्ट्झ गेल्याचं रोजच्या जगण्यात कळत नाही. हाक ऐकू येते, हॉर्न ऐकू येतो, भजन ऐकू येतं.

कान 'तयार' कसा झाला, ते इथं कळतं. पहिल्या आठवड्यांत पाळीनंतर कान बधिर व्हायचे, वाजायचे. सकाळपर्यंत बरं वाटायचं. बरं वाटणं म्हणजे बरं होणं, असं विज्ञानही बरीच वर्षं मानत होतं. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. दोनेक आठवड्यांत उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशी शाबूत दिसल्या. पण वरच्या पट्टीच्या भागात केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जवळजवळ निम्मे जोड कायमचे गेलेले होते. साध्या श्रवणआलेखात हे दिसत नाही. गर्दीत, एकावर एक बोलणाऱ्यांत शब्द निवडता येत नाही, तेव्हा त्याची झळ लागू शकते. माणसाच्या कानात हे किती प्रमाणात घडतं यावर काम चालू आहे. तरी मामांच्या त्या पहिल्या महिन्याकडे मी आता निराळ्या नजरेनं पाहते. त्रास होणं हा इशारा होता. त्रास थांबला, कारण इशारा देणारंच कमी झालं.

गोंगाटाच्या बहिरेपणाची आणखी एक चाल आहे. ४,००० च्या आसपासचं नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच बहुतेक उरकतं. नंतर तिथं मरण्यासारखं फारसं उरत नाही. मग विहीर रुंद होत जाते, २,००० कडे सरकते आणि बोलणं गिळू लागते. मामांना 'आता दोन-तीन वर्षांपासून' जाणवू लागलं. विहीर बहुधा त्यांच्या चाळिशीच्या आधीच खणून झाली होती.

कारखान्यात

मालकांनी मला आत येऊ दिलं, याबद्दल त्यांचे आभार मानते. पत्र्याचं छप्पर, उघड्या विटांच्या भिंती, चोवीस माग. साध्या मागात प्रत्येक पिकाला, आडवा धागा नेणारा धोटा एका टोकाकडून भिरकावला जातो आणि दुसऱ्या टोकाला आदळून थांबतो. एका मागावर हे मिनिटाला शंभरावर वेळा. चोवीस मागांचे मिळून सेकंदाला चाळीसेक फटके, आणि मऊ असं तिथं काहीच नाही जे तो आवाज पिईल. मामा सहा मागांच्या मधोमध उभे राहायचे. तिथं मीटरनं ९८ डेसिबल दाखवले, कोपऱ्यात १००.

डेसिबलचा हिशेब फसवा असतो. ८५ आणि ९८ यात तेराचाच फरक वाटतो, पण दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबलमध्ये आठ तासांत कानावर जेवढा मारा होतो, तेवढा ९८ मध्ये सुमारे चोवीस मिनिटांत होतो. आपल्याकडचा कारखान्यांचा तेव्हाचा नियम याहून सैल, ९० डेसिबलला आठ तास अशी मर्यादा घालणारा. त्या तक्त्यातही ९७ ला तीन तास आणि १०० ला दोनच तास होते. मामांची पाळी बारा तासांची.

आत कोणी बोलत नव्हतं. बोटं दाखवून, भुवया उडवून, ओठ मोठे करून सगळं चाललेलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांतल्या विणकरांचीही अशीच ओठांची भाषा होती, 'मी-मॉइंग' म्हणायचे तिला. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये बसवला. तेव्हापासून इथं किती पिढ्या अशा ओठांवर वाचत आल्या असतील, हा विचार मनातून जात नव्हता. मामांना घरी मामींचं बोलणं समोरासमोर कळायचं आणि पाठमोरं कळायचं नाही, याचंही उत्तर इथंच मिळालं. २९ वर्षं ते तोंडाकडे बघून ऐकत होते.

कानात काही घालता का, असं मी खुणेनं विचारलं. एकानं कापसाचा बोळा दाखवला, मागावरचाच. त्यानं फार तर थोडे डेसिबल कमी होतात, ते ज्या आवाजात गरज आहे त्यात कुठंच पुरत नाहीत. फोमचे बोळे पूर्वी कोणीतरी वाटले होते. का घालत नाही, याचं कारण मामांनी बाहेर आल्यावर सांगितलं, आणि ते आळसाचं कारण नव्हतं. "तार तुटली, धोटा अडकला, की मागाचा आवाज बदलतो. कान बंद केला तर मला कळंल कसं? कापड खराब झालं तर पैसं माझं कापत्यात." तार म्हणजे धागा. कान वापरूनच ते कापड वाचवत होते. सुरक्षेची पत्रकं छापणाऱ्यांनी हे एकदा ऐकायला हवं. शिवाय घाम, तंतूंची धूळ, खाज. मग बोळा थोडा वेळ काढला जातो. गणित इथंही निर्दय आहे: बारा तासांत एकच तास काढला, तर बोळा कितीही भारी असला तरी एकूण बचाव अकरा डेसिबलच्या आतच राहतो.

कागदोपत्री

तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटानं येणारा बहिरेपणा हा कळवण्याजोगा आजार होता. डॉक्टरला तो दिसला की कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांना कळवायचं. तेव्हाच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही तो व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होता. त्याच मालकाकडे सलग सहा महिने तसं काम केलेलं असलं, की आजार कामामुळेच झाला असं तो कायदा धरून चालायचा. वाचताना वाटतं, रस्ता सरळ आहे.

मामांच्या हातात मात्र हजेरीचा एकही कागद नव्हता. २९ वर्षांत पाच मालक. ते चोवीस माग कागदावर वेगवेगळ्या नावांनी विभागलेले, प्रत्येक नावाखाली मोजकेच कामगार, म्हणजे कारखाना म्हणून कायद्यात बसणारं तिथं काही उरतच नव्हतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आणि मी मिळून अहवाल पाठवला. उत्तर आलं नाही.

अपंगत्वाच्या दाखल्याचंही तसंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कमी ऐकू येणं' म्हणजे बोलण्याच्या पट्ट्यांत दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबलची घट. मामांच्या उजव्या कानाची ५००, १,००० आणि २,००० ची सरासरी काढली तर येते ३०. त्यात ४,००० धरलं तर ४०. सरासरी ही विहीर बुजवून टाकते. दाखला नाही, म्हणून सरकारी योजनेतलं श्रवणयंत्रही नाही. पंचवीसपैकी नऊ शब्द चुकीचे ऐकणारा माणूस कागदावर जवळजवळ धडधाकट ठरला. मला याचा राग आहे आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

पुढे

औषध नव्हतं. बाजारात कानासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या त्यांनी आधीच सहा महिने घेतल्या होत्या, त्या बंद केल्या. एका कानाला, कानामागचं, नळी मोकळी ठेवणारं यंत्र बसवलं. फक्त वरच्या पट्ट्या वाढवणारं, आणि मोठ्या आवाजाला लगाम घालणारं. पैसे मुलानं हप्त्यानं भरले. यंत्र कारखान्यात लावायचं नाही, हे तीनदा सांगितलं. रात्री कानात रातकिडे वाजतात म्हणायचे. उशाशी बारीक आवाजात रेडिओ लावून झोपायचं सुचवलं, त्यानं झोप लागू लागली. मामींना सांगितलं की मोठ्यानं नको, समोर येऊन, सावकाश बोला. मालकांनी मामांना कापडाच्या घडीच्या कामाला घेतलं. तिथं आवाज बराच कमी, आणि मजुरीही कमी. गोंगाट थांबला की गोंगाटामुळे होणारं नुकसान सहसा पुढं वाढत नाही. वयाचं वाढेल ते वाढेल. आठ महिन्यांनी आलेख होता तिथंच होता. बाजारात अजूनही गोंधळ होतो. नातीचं बोलणं कळतं, पण ती लाडात कुजबुजली की नाही.

हप्ते भरणारा तो मुलगा त्याच कारखान्यात, त्याच साध्या मागांवर, पाच वर्षांपासून होता. वय २६. "मला काय न्हाई ओ मॅडम, सवय हाय." मामांनी त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

सगळं १० आणि १५ डेसिबलला येत गेलं. ३,००० ला २०. ४,००० ला ३५. ८,००० ला पुन्हा १५. शब्द पंचवीसपैकी पंचवीस बरोबर. कुठलाही दाखला, कुठलंही कार्यालय, तो स्वतःदेखील, या कानाला पूर्ण चांगला म्हणेल. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. मामांना आलेख वाचता येत नव्हता, पण त्यांनी बोट बरोबर त्या उताराच्या सुरुवातीवर ठेवलं.

मुलासाठी फोमऐवजी कानाच्या मापाचे, आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी करणारे बोळे करून घेतले, म्हणजे तुटलेल्या तारेचा फरक कानाला कळत राहील. पहिले पंधरा दिवस त्यानं शिव्या घातल्या. मग सांगितलं की तार कळते, थोडं लक्ष द्यावं लागतं. पुढल्या वर्षी तो धोट्याशिवायच्या रेपिअर मागांवर गेला. तिथं मी ९१ मोजले, म्हणजे बोळे सुटलेले नाहीत. दर सहा महिन्यांनी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी तपासणी असं ठरलं. पहिल्या तीन तपासण्यांत ४,००० चा आकडा ३५ वरून हलला नाही.